बेटावरच्या सिस्टर

माझं खोटं ज्यांनी सगळ्यात जास्त वेळा पकडलं, त्या बाईंच्या घरात मी दोन वर्षं भाड्यानं राहिलो. गाव अलिबागजवळचं नागाव. बाई एकट्याच राहायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी पुण्यात. बाईंनी सगळी नोकरी रेवसच्या बाजूला खाडीकाठच्या गावांतून सरकारी नर्स म्हणून केली होती, म्हणून अख्खं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. मीही तेच म्हणू लागलो. निवृत्तीनंतर त्यांनी नारळीच्या वाडीत तीन खोल्या बांधल्या, फाटकावर होमस्टेची पाटी लावली आणि येणाऱ्या पर्यटकांना पेशंटसारखं वागवायला सुरुवात केली.

यात अतिशयोक्ती अजिबात नाही. खोलीची चावी देण्याआधी त्या पाहुण्याच्या दंडाला पट्टा गुंडाळून बीपी बघायच्या. प्रत्येक खोलीत पलंगाच्या पायथ्याशी एक कागद अडकवलेला असे आणि त्यावर सिस्टरच्या अक्षरात "काल रात्री जेवण कमी", "पाठ उन्हानं भाजली, कोरफड दिली" असं लिहिलेलं सापडे. पुण्याहून आलेल्या एका जाडजूड गृहस्थांना त्यांनी बनाना बोटीवर बसायला सरळ बंदी केली. "आज समुद्र लांबून बघा, आणि जेवणात मीठ कमी." त्या गृहस्थांनी घरी जाऊन इंटरनेटवर लिहिलं, की ही मालकीण पाहुण्यांना पाण्यात उतरू देत नाही. मी ते घाबरत घाबरत त्यांना वाचून दाखवलं. सिस्टर म्हणाल्या, "खरंच लिहिलंय त्यांनी," आणि कोयती घेऊन शहाळं सोलायला गेल्या.

"बरं आहे" हे उत्तर त्यांना चालत नसे. शेजारी नारळ पाडायला येणारे एक वयस्क गृहस्थ होते. सिस्टर विचारायच्या, "कसं काय?"

"बरा हाय."

"बरा म्हणजे कुठं बरा? गुडघा की पोट?"

ते जरा विचार करून म्हणायचे, "पोट बरा हाय. गुडघा न्हाय."

"मग तसं सांगा की."

आता माझ्याविषयी सांगायला हवं. टाळता आलं असतं तर बरं झालं असतं. मी एका मराठी वेबसाइटसाठी घरबसल्या लिहायचो. आधी माझ्याकडे राशिभविष्य होतं. मेषेला प्रवासाचा योग, कर्केला वरिष्ठांची मर्जी, असं मी तीन वर्षं लिहिलं, आणि ज्योतिषातलं मला काहीही कळत नव्हतं. मग कधीतरी संपादकांच्या लक्षात आलं, की तरुण वाचक कॉम्प्युटर गेमबद्दल वाचतात. ते मला फोनवर म्हणाले, "पुढं काय होणार हे तू लिहितोसच. आता येणाऱ्या गेमचं लिही." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी आयुष्यात पत्त्यांपलीकडे काही खेळलो नव्हतो, पण मंगळावरही गेलो नव्हतो.

तेव्हा एका परदेशी गेमची फार हवा होती. नाव काय होतं ते राहू दे. काल्पनिक जग, नऊ बेटं, आणि त्या बेटांवर देशोदेशींची हजारो माणसं इंटरनेटवरून एकाच वेळी वावरणार. कोणी योद्धा व्हायचं, कोणी मांत्रिक, कोणी खलाशी, कोणी जखमा बऱ्या करणारा वैद्य. गेम तीन वर्षं "लवकरच" येत होता. त्या तीन वर्षांत "या गेमकडून काय अपेक्षा ठेवाल" या विषयावर मी इतके लेख लिहिले, की अपेक्षा संपल्या आणि गेम आलाच नाही.

सिस्टर सकाळी बुद्धवंदना झाली की चहा घेऊन ओटीवर बसत, चष्मा लावत आणि माझा लेख मोबाइलवर मोठ्यानं वाचत. मी समोर बसून पोहे खात असे.

"'चाहत्यांची उत्सुकता शिगेला पोहोचली आहे.' कोण चाहते?"

"असतात, सिस्टर."

"तुला भेटले?"

"नाही."

"बरं. 'वैद्याचे पात्र विशेष आकर्षक असेल.' म्हणजे नर्स आहे यात. शिक्षण किती तिचं?"

"शिक्षण नसतं. हात वर केला की प्रकाश पडतो आणि जखम भरते."

"आणि हात धुते कधी?"

मी म्हटलं, तसं काही माहितीत दिलेलं नाही. त्यांनी पुढचं वाचलं, मग चष्मा वर करून विचारलं, "एवढी हजारो माणसं एका बेटावर राहणार. सगळीकडं समुद्र. मग पिण्याचं पाणी कुठलं?"

प्रश्न बिनतोड होता. मी कंपनीला मेल केला, उत्तर आलं नाही. त्या आठवड्यात लिहायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी लिहून टाकलं, "असे समजते, की प्रत्येक बेटावर गोड्या पाण्याच्या विहिरी असतील आणि त्यांच्या ताब्यासाठी खेळाडूंमध्ये घनघोर युद्धे होतील."

दुसऱ्या दिवशी सिस्टर तिथंच थांबल्या. "'असे समजते.' कोणाला समजते?"

"मला."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच विचारलंत ना परवा."

"मी विचारलं होतं. सांगितलं नव्हतं."

विषय तिथं संपायला हवा होता. पण माझं वाक्य दुसऱ्या एका वेबसाइटनं उचललं, तिच्यावरून तिसरीनं, तिथून ते इंग्रजीत गेलं, आणि थोड्याच दिवसांत जगभरातली मुलं विहिरींवरून आपसात भांडू लागली. विहिरीत विष टाकता येईल का, यावर कोणीतरी लांबलचक व्हिडिओ केला. मी तो पाहिला, आणि सांगायला लाज वाटते, मला त्यातून नवीन माहिती मिळाली असं वाटून मी त्यावर पुढचा लेख लिहिला.

या विहिरींमुळेच बहुधा कंपनीला वाटलं, की मी कोणी मोठा जाणकार आहे. गेम बाहेर काढण्याआधी त्यांनी तीन दिवसांची चाचणी ठेवली, रोज सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, आणि मोजक्या लोकांना प्रवेश दिला. त्यात मी होतो. संपादकांनी वेबसाइटवर जाहीर केलं, की आमचे तज्ज्ञ प्रत्यक्ष बेटावर उतरत आहेत.

तज्ज्ञ प्रत्यक्ष बेटावर उतरले आणि धक्क्यावरून समुद्रात पडले. मी योद्धा घेतला होता, चिलखत घातलेला. खेळ धक्क्यावर सुरू व्हायचा, तिथून सरळ गावात चालत जायचं होतं. मला सरळ चालता येईना. डावीकडे वळायला गेलो की पाण्यात, आणि चिलखतामुळे थेट तळाशी. मग पुन्हा धक्क्यावर जिवंत व्हायचं आणि पुन्हा पडायचं. सिस्टर मागे खुर्ची घेऊन बसल्या होत्या.

"परत पडलास."

"हो."

"पोहता येत नाही तर कडेनं कशाला जातोस?"

दुपार होईपर्यंत त्यांना ते बघवेना. म्हणाल्या, "ऊठ. मला ती नर्स काढून दे." नोकरीच्या शेवटच्या वर्षांत सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर भराव्या लागत, त्यामुळे एका बोटानं टाइप करण्याची त्यांना सवय होती. मी वैद्याचं पात्र बनवून दिलं. नाव काय द्यायचं विचारलं, तर म्हणाल्या, "सिस्टर. दुसरं काय?"

त्या पहिल्याच प्रयत्नात धक्क्यावरून नीट चालत गेल्या. पण गावात गेल्या नाहीत. धक्क्याच्या टोकाला मोठे खेकडे होते, ते नव्या माणसांना चावायचे. सिस्टर तिथंच उभ्या राहिल्या आणि जो जखमी होईल त्याच्यावर उपचार करू लागल्या. गेममध्ये एकमेकांना लिहून बोलायची सोय होती. त्या इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या, "कुठं लागलं?" ज्यांना मराठी कळत नव्हतं, त्यांनाही हेच विचारायच्या. परदेशी योद्धे गोंधळून उभे राहत, मग त्यांच्यावर प्रकाश पडे आणि ते बरे होऊन निघून जात. दुसऱ्या दिवशी त्या खेकड्यांपाशी चक्क रांग लागली. रांगेत घुसणाऱ्या एका मांत्रिकाला सिस्टरनी तसंच लंगडत ठेवलं.

मी शेजारी बसून वहीत टिपणं काढत होतो. तीन वर्षांत पहिल्यांदा मला लिहिण्याजोगं काही दिसत होतं, आणि तेसुद्धा दुसऱ्याच्या कष्टानं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता बेटावरच्या सगळ्यांना दिसणाऱ्या जागी एक मजकूर आला. मराठीत होता. "डोंगरापलीकडे गुहेत पडलोय. दोन्ही पाय मोडलेत. मित्र पुढं गेले. कोणी औषधवाला येईल का?"

त्या गेमचा नियम असा, की मोडलेला पाय वैद्यानं जवळ येऊनच बरा करायचा. नाहीतर सगळं सोडून पुन्हा धक्क्यावरून सुरुवात. आणि त्या दिवशी चार वाजता मुख्य कार्यक्रम होता. बेटाच्या उत्तर टोकाला समुद्रातून एक राक्षस उठणार होता, तो एकदाच दिसणार होता. धक्क्यापासून नव्यानं निघालेला माणूस तिथं रिकाम्या हातानं पोहोचला असता, आणि उशिरा निघाला तर पोहोचलाच नसता.

सिस्टरनी एका बोटानं लिहिलं, "मी येते. तीनपर्यंत पोहोचते. हलू नका."

उत्तर आलं, "हलता येत नाही, सिस्टर."

त्या निघाल्या. रांगेतल्या लोकांना सांगून निघाल्या. वाटेत लांडगे होते, त्यांना चुकवत, झाडांआडून. सव्वादोनला त्या डोंगरमाथ्यावर पोहोचल्या, तिथं वाट दोन बाजूंना फुटत होती. डावीकडे गुहा, उजवीकडे उत्तर टोक. नेमका तेव्हा मला संपादकांचा फोन आला. राक्षसाचं वर्णन पाच वाजता हवं, मथळा तयार आहे.

मी म्हटलं, "सिस्टर, आता मला द्या."

"त्याला बघून येते, मग घे."

"मग उशीर होईल. लेख राक्षसावर आहे."

"मी त्याला येते म्हटलंय."

"तो गेम आहे, सिस्टर. त्याला खरं काही लागलेलं नाही." एवढं बोलूनही त्या उठेनात, तेव्हा मी म्हटलं, "लॅपटॉप माझा आहे."

त्यांच्या घरात, त्यांच्या खुर्चीवर, त्यांची वीज वापरून मी हे वाक्य बोललो. त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन सुक्या कोळंबीचे सोडे निवडायला बसल्या.

मी उजवीकडे वळलो. उत्तर टोकावर शेकडो खेळाडू जमले होते. मला नीट दिसेना, म्हणून मी पुढं सरकत सरकत खडकाच्या कडेला गेलो. चार वाजले. जमीन हादरली, पाणी फुगलं, सगळे खेळाडू वर बघू लागले, आणि त्या हादऱ्यानं मी कडेवरून खाली पडलो. पडदा काळा झाला. पुन्हा जिवंत होण्याची वाट बघत बसलो असताना कोपऱ्यात मजकूर उमटला.

"सिस्टर, येताय ना? चार वाजले."

मला उत्तर देता आलं असतं. मी दिलं नाही. थोड्या वेळानं आणखी एक ओळ आली. "असू दे. कामात असाल."

मी जिवंत झालो तो धक्क्यावर, खेकड्यांसमोर. राक्षस तोवर येऊन गेला होता. मग मी लेख लिहायला घेतला. "समुद्र दुभंगला आणि आकाश झाकोळून टाकणारा अक्राळविक्राळ राक्षस आमच्यासमोर उभा ठाकला." सुरुवात मला आवडली. पाच वाजता चाचणी बंद झाली, संपादकांचा आणखी एक फोन येऊन गेला, आणि मी "शेपटीच्या एका तडाख्यात" इथपर्यंत आलो होतो, तेवढ्यात सिस्टर चहा घेऊन आल्या. त्यांनी लेखाकडे पाहिलंच नाही.

"त्या गुहेतल्याचं काय झालं?"

"त्यानं समजून घेतलं," मी म्हणालो.

त्या समोर बसल्या. चहाचा कप त्यांनी माझ्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. मग आवाज जराही न बदलता, बीपीचा आकडा सांगतात तशा, बोलू लागल्या.

"माझ्याकडं खाडीपलीकडची एक वस्ती होती. भरती असली की होडीशिवाय जाता येत नसे. तिथं एक पोटुशी बाई होती, पहिलटकरीण. तिला बघायला जायचा दिवस होता. ऊन होतं, होडीवाला जेवायला गेलेला, आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते. मी झाडाखाली बसून वहीत लिहिलं, 'भेट दिली, तक्रार नाही.' आयुष्यात तेवढं एकदाच. तिच्या पायांना सूज होती, बघितलं असतं तर कळलं असतं. तिसऱ्या दिवशी तिला झटके आले. होडीतनं, मग रिक्षातनं अलिबागला नेलं. ती वाचली. मूल नाही वाचलं."

मी लॅपटॉप बाजूला सरकवला.

"चौकशी झाली. साहेबांनी वही बघितली. वही बरोबर होती, म्हणून मी सुटले. त्या बाईची सासू मला म्हणाली, 'तुमचा काय दोष न्हाय सिस्टर, तुम्ही तर येऊन गेल्ता.' सासूला वाटलं, ती स्वतः बाजारात गेली असताना मी आले असेन. सुनेला विचारलं नाही कोणी. सूनही काही बोलली नाही." त्या उठल्या. "चहा घे, गार होतोय."

त्या आत गेल्या. त्यांनी मला लेख बदल म्हटलं नव्हतं, राक्षसाचं नावही काढलं नव्हतं. मी सगळं पुसलं आणि नव्यानं लिहिलं. मी योद्धा म्हणून धक्क्यावरून इतक्या वेळा पडलो की मोजदाद राहिली नाही. राक्षस मी पाहिला नाही. बेटावर विहिरी नाहीत, कधीच नव्हत्या, त्या मी लिहिल्या होत्या. एका माणसाला मदतीचा शब्द दिलेला असताना मी ती मदत अडवली. बेटावर जे काही बघण्यासारखं होतं ते एका निवृत्त नर्सनं केलं, आणि मी शेजारी बसून होतो.

वाटलं, नोकरी जाणार. संपादकांनी तो लेख "विहिरींचे गौडबंगाल: तज्ज्ञांचा खळबळजनक खुलासा" या मथळ्याखाली छापला, आणि माझ्या कुठल्याही लेखापेक्षा तो जास्त वाचला गेला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वेबसाइटवर आलं, "असे समजते, की बेटांवर विहिरी नसतील." मी प्रामाणिक झालो तेही फायद्याचंच ठरलं, याचं मला अजून नीट वाईट वाटून घेता आलेलं नाही. येणाऱ्या गेमचं मात्र मी पुन्हा लिहिलं नाही. हल्ली मोबाइलविषयी लिहितो. हातात येतात, वापरून बघता येतात.

सिस्टरना लेखाचं कौतुक नव्हतं. वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "त्या माणसाचा पत्ता लागला?" नव्हता लागला, कारण मी शोधला नव्हता. मग खेळाडूंच्या एका गटात विचारत विचारत चार दिवसांनी त्याचा नंबर मिळाला. जालन्याकडचा होता, एका बँकेत कारकून. या चाचणीसाठी त्यानं तीन दिवस रजा काढली होती. सिस्टरनी ओटीवर बसून फोन लावला.

"मी सिस्टर बोलतेय. बेटावरची. मी येते म्हटलं होतं आणि आले नाही."

पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. बहुतेक, अहो गेमच तो, असं काहीतरी असावं. सिस्टर म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण तुम्ही थांबला होतात." लॅपटॉप कोणी काढून घेतला, हे त्यांनी सांगितलं नाही. मी समोरच होतो. मग त्यांनी त्याला बीपी विचारलं, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं म्हणून झापलं.

तो गेम अजून आलेला नाही. तारीख दोनदा पुढं गेली, मग कंपनीनं तारीख सांगणंच सोडून दिलं. पण त्या दोघांचं फोनवर बोलणं सुरू राहिलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत तो बायको आणि आईला घेऊन नागावला आला. सिस्टर रिक्षा थांबते तिथपर्यंत सामोऱ्या गेल्या होत्या. आल्या आल्या तिघांचे दंड पट्ट्यात गेले. आईचं वर निघालं, म्हणून तिला ओटीवरच बसवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोहे खायला माझ्यासमोर येऊन बसला. शांत, गोल चेहऱ्याचा, माझ्याच वयाचा माणूस. सिस्टर आत होत्या. मी म्हटलं, "त्या दिवशी सिस्टर तुमच्याकडे येत होत्या. मी त्यांना उठवलं. मला राक्षस बघायचा होता."

त्यानं हातातला चमचा बशीत ठेवला. मग म्हणाला, "मलाही. तीन वर्षं वाट बघितली होती त्याची." आणि मनापासून उत्सुकतेनं त्यानं विचारलं, "कसा होता हो?"

"मला दिसला नाही," मी म्हटलं. "त्याच्या आधीच मी पाण्यात पडलो."

त्यानं मान हलवली, लिंबाची फोड माझ्या बशीत ठेवली, आणि आम्ही दोघं पोहे खाऊ लागलो.